ओढ्याकाठची कुऱ्हाड

निवृत्तीनंतर नेरूळच्या फ्लॅटमध्ये मी जरा सुखाने बसायला शिकलो होतो. गेल्या महिन्यात ते सुख मोडलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. उत्खननाचा पहिला परवाना तिच्या स्वतःच्या नावावर मिळाला होता. जागा कुठली, विचारलं, तर तिने माझंच पुस्तक उघडून नकाशातल्या एका ओढ्याच्या उत्तर काठावर बोट ठेवलं.

"सर, तुम्हाला दगडी कुऱ्हाड जिथे मिळाली ना, पहिला खड्डा तिथेच घेणार."

ती कुऱ्हाड मला ओढ्यावर मिळालीच नव्हती.

तिशीच्या आतला होतो तेव्हा. पीएच.डी.साठी कर्नाटकाच्या सीमेवरची गावं पायी तुडवत होतो. विषय नवाश्मयुग, म्हणजे माणूस शेती करू लागला, दगड घासून गुळगुळीत हत्यारं बनवू लागला तो काळ. दोन हंगाम फिरून हाती नुसती खापरं. मग एका गावात मारुतीच्या पारावर, शेंदूर फासलेल्या दगडांच्या ओळीत ती दिसली. भर दुपार, पारावर चिटपाखरू नाही. उचलली, पिशवीत टाकली, लॉजवर जाऊन रॉकेलच्या बोळ्याने शेंदूर काढला. पण देवाचा दगड आमच्या शास्त्रात कुचकामी, कारण तो मुळात कुठल्या मातीतून आला हे कुणालाच सांगता येत नाही. गावाबाहेर ओढ्याकाठी राखेसारखी माती पाहिली होती, जुन्या वस्तीची खूण असते तशी. नोंदवहीत तीच जागा लिहून टाकली. पुढची नोकरी, बढत्या, हारतुरे, सगळं त्या एका ओळीवर उभं राहिलं. इतकी वर्षं मला झोप छान लागायची, हेही कबूल करतो.

आता पाय घरात ठरेना. सकाळी सारसोळ्याच्या खाडीपर्यंत, संध्याकाळी पुन्हा तिथेच. एकदा तर चालत दिवाळे गावच्या मासळी बाजारापर्यंत गेलो. तिथल्या मासळीवालीने घ्यायचंय की नुसतं बघायचंय असं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो. शुगर तपासून घ्या, असं बायकोने टुमणं लावलं. मी मनात स्वतःची वकिली करत होतो: माती तर होती, निघेलही काहीतरी. आणि नाही निघालं तर? पहिलंच उत्खनन रिकामं गेलेल्या पोरीला दुसरा परवाना कोण देतो? मजूर ठरले, तंबू ठरले, असे तिचे मेसेज येत होते. प्रत्येकाला मी मुकाट अंगठा पाठवत होतो. मला माझीच किळस येऊ लागली.

ती निघायच्या दोन दिवस आधी तिला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं, रॉकेलच्या बोळ्यासकट. वाटलं, रडेल, चिडेल, निदान दार आपटून जाईल. ती पाणी प्यायली. पुस्तकाच्या शेवटी दिलेली जागांची यादी काढली आणि पेन्सिलीने ओढ्याची ओळ खोडली.

"आता एकेक वाचते," ती म्हणाली. "खरी असेल तिथे हो म्हणा."

तिने पहिलं गाव वाचलं. मी हो म्हणालो. ती जागा खरी होती; त्या शेतात गुडघे टेकून मी स्वतः माती उकरली होती. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्या गावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.