नको म्हटलं की थांबणारं घर

गोखिवऱ्यात एका कारखानदाराने आपल्या गाळ्यामागची पत्र्याची शेड आम्हाला वापरायला दिली होती. आम्ही चार-पाच जण नोकऱ्या सांभाळून रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली कुत्री तिथे आणायचो, बरी करायचो आणि त्यांना घरं शोधून द्यायचो. घरं शोधायचं काम माझ्याकडे होतं, कारण ते मला जमायचं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? एखाद्याच्या दारात उभं राहून, चपलांचा स्टँड आणि घरच्या बाईचा चेहरा पाहून इथे कुत्रं टिकेल की नाही हे मी सांगू शकत असे, आणि ते सहसा खरं निघे.

म्हणूनच त्या तपकिरी कुत्रीचं घर दोनदा फसलं तेव्हा मी चांगलीच चिडले. पावसाळी सहलीला आलेल्या कुणीतरी तिला चिंचोटीच्या धबधब्याच्या बाजूला सोडून दिलं असावं, कारण ती आम्हाला तिथल्या रस्त्यावर, गळ्यात पट्टा असलेली सापडली होती. मारकी नव्हती, आजारी नव्हती. फक्त भयंकर लाजाळू. शेडमध्ये पाण्याच्या ड्रममागे ती बसून राहायची आणि कुणी समोर आलं की मान भिंतीकडे वळवायची.

पहिलं घर माणिकपूरचं. निवृत्त नवरा-बायको, मूळचे कोकणातले, मुलं परदेशात, दोन खोल्यांत शांतता. मला वाटलं, लाजाळू जिवाला याहून चांगलं काय मिळणार. पण त्या दोघांनी तिचा पाहुणचार सुरू केला. ताटली तिच्या नाकाखाली धरायची, "खा गं, लाजतेस काय, आपलंच घर आहे" म्हणायचं, तिने तोंड फिरवलं की ताटली त्या बाजूला न्यायची. भात नको तर दूधभात, तो नको तर त्यावर तूप. संध्याकाळी मजल्यावरचे शेजारी तिला बघायला यायचे आणि तेही पलंगाखाली वाकून आग्रह करायचे. ती न्हाणीघरात जाऊन बसली आणि तिथून बाहेर येईना. आठवडाभरात दोघं तिला परत घेऊन आले. काकू रडत होत्या. "आमचं काय चुकलं हो?" त्यांनी विचारलं.

दुसरं घर गोखिवऱ्यातच, साताऱ्याकडच्या एका प्रेमळ कुटुंबाचं. त्यांनी तर दारातच तिचं औक्षण केलं. सासूबाई निरांजन घेऊन उभ्या, सून भाकरतुकडा ओवाळायला पुढे, आणि मीही मेली कौतुकाने बघत राहिले. नाकासमोर ज्योत फिरू लागल्यावर तिने दोरीला असा हिसका दिला की ती माझ्या हातातून सुटली आणि कुत्री जिना चढून थेट गच्चीवर, टाकीमागे. तिला तिथून काढता काढता आमची अख्खी दुपार गेली. त्या मंडळींनी तरीही ठेवून घेतली, पण ती पुन्हा टाकीमागेच जाऊन बसली आणि रोज पोळीचा तुकडा हातात घेऊन घरातलं एक माणूस टाकीसमोर बसायचं. शेवटी तिने खाणंच सोडलं आणि ती आमच्याकडे परत आली.

परत आल्यावर तर ती पार मिटून गेली. माणूस शेडमध्ये असेपर्यंत अन्नाला तोंड लावत नसे. अंगावरची हाडं दिसू लागली. शेडवरचे एक काका म्हणाले, "राहू दे हिला इथेच. काही कुत्री शेडचीच असतात." मला ते मान्य नव्हतं. शेड ही काही कुणाची राहायची जागा नव्हे. पण तिसऱ्यांदा चुकीचं घर दिलं तर ही त्या ड्रममागेच मरेल, हेही मला स्पष्ट दिसत होतं.

एका रविवारी मी शेडमध्ये कणी निवडत होते. कुत्र्यांच्या भातासाठी स्वस्तातली कणी यायची, तिच्यात खडे फार. त्या दिवशी खडेच इतके होते की मी दुकानदाराच्या नावाने पुटपुटत, पाठमोरी बसून, सगळं विसरून निवडत होते. मागे हालचाल झाली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर ती ड्रममागून बाहेर आली होती आणि भांड्यातला भात खात होती. मी वळले नाही. खाऊन झाल्यावर ती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन आडवी झाली आणि तिने एक उसासा टाकला. एरवी मी तिच्यासमोर बसून "ये गं, ये गं" करत असे तेव्हा ती कधी तसूभरही हलली नव्हती.

तिथे मला कळलं. तिला माणसांची भीती नव्हती. तिला आग्रहाची भीती होती.

कळलं खरं, पण आता आग्रह न करणारं मराठी घर आणायचं कुठून? मी एक सोपी परीक्षा ठरवली. ज्या घरात जाईन तिथे चहाला नको म्हणायचं आणि काय होतं ते बघायचं. माणिकपूरच्या एका घरात चहा नको तर कोकम सरबत आलं, ते नको तर "निदान वडी तरी तोंडात टाका" झालं आणि निघताना वडीची पुडी पर्समध्ये कोंबली गेली. दुसऱ्या घरी बाई म्हणाल्या, "अर्धा कप, माझ्यासाठी." तिसऱ्या घरात मी नको म्हणेपर्यंत चहा कपात ओतून झाला होता. सगळी सोन्यासारखी माणसं. सगळ्यांची नावं मी मनातल्या मनात खोडली. महिनाभर असे लाड सोसून माझं वजन तेवढं वाढलं.

मग आमच्या भाजीवालीने खाडीकडच्या गावातल्या एका वाडीबद्दल सांगितलं. शेतकरी कुटुंब, त्यांचा राखणीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला होता. मी गेले तेव्हा घरची बाई ओटीवर बसून मुळ्याच्या जुड्या बांधत होती. कशाला आले ते सांगितलं.

"चाय ठेवू?" तिने विचारलं.

"नको."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मी वाट पाहिली. पुढे काहीच नाही. तिचा नवरा पाटाचं पाणी वळवून आला आणि मला पाहून मान हलवून केळीच्या बागेत निघून गेला. उन्हातून चालत आल्याने माझा घसा कोरडा पडला होता. शेवटी मीच पाणी मागितलं.

"पानी माठात हाय. घ्या."

क्षणभर मला राग आला. आपण पाहुणे म्हणून आलोय आणि ही बाई मान वर करून बघत नाही. मग माठावरचा पेला उचलता उचलता मला हसूच फुटलं. घर सापडलं होतं.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गेले. बाईने एवढंच विचारलं, "चावते?"

"नाही. घाबरते. एक करा, तिला सारखी हाक मारू नका."

"हाका मारायला वेल कुनाला हाय?" ती म्हणाली आणि विहिरीपाशी घमेल्यात भात-कालवण ठेवून कामाला गेली. कुत्री रचलेल्या झावळ्यांखाली शिरली. तिची शेपटीही दिसेना. ती खात नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आम्हाला फोन करा, असं दोनदा सांगून मी निघाले. माझी निवड बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, तरी गावाबाहेर येईपर्यंत मी चारदा मागे वळून पाहिलं.

फोन आला नाही. मी मुद्दामच काही आठवडे तिकडे फिरकले नाही. मग एका सकाळी राहवलं नाही आणि गेले.

वाडीच्या कुंपणाशी पोचते तोच केळीतून एक तपकिरी कुत्री धावत आली आणि माझ्यावर भुंकू लागली. ती भुंकू शकते हेच मला माहीत नव्हतं, शेडमध्ये तिने कधी आवाज काढला नव्हता. अंग भरलेलं, कातडी चकचकीत, पाय रोवून, थेट माझ्या डोळ्यांत बघत. मी तोंडापर्यंत आलेली हाक गिळली. ओटीवरून बाई ओरडली, "कोन हाय? थांबा जरा, आमची नव्या मानसाला आत येऊ देत नाय."

नवं माणूस मी होते. खोटं कशाला सांगू, लागलं मला ते. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी खूप आनंदही झाला. "सहज आले होते, निघते," एवढंच मी म्हटलं.

मी रस्त्याला लागले आणि बरीच लांब गेले, तेव्हा कुठे ती भुंकायची थांबली.