फवारणीचा शर्ट

फवारणीवाला बायकोला फुलासारखा जपायचा. तिला दिवस गेल्यापासून त्यानं शेताकडे फिरकू दिलं नव्हतं. "बाळाला औषधाचा वाससुद्धा लागता कामा नये," असं तो येईल त्याला ऐकवायचा. आणि संध्याकाळी औषधानं चिंब झालेला शर्ट मोठ्या ऐटीत तिच्यापुढेच धुवायला टाकायचा.

तपासणीच्या वेळी नर्सबाईंनी त्याचे कान उपटले. "अहो, ते विष कपड्यांतून घरी येतं. बाळात व्यंग यायचा धोका त्यानंही वाढतो."

आता स्वारी अंगणात अंघोळ करून मगच घरात शिरते. शर्ट वेगळ्या बादलीत स्वतः धुते.

"मला शेतात जाऊ दिलं नाहीत, आणि शेतच घरी आणत होतात की!" बायको दारातून हसते. "कॉलर घासा नीट!"

तोही हसून घासतो. आधी तिनं धुतलेल्या शर्टांचं काय, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.