नीरो राजाचं हसणं

कोंडाजी जन्मात कधी तोंडाला रंग लावील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माणूस मुलखाचा अबोल. बोलला तर बैलाशी, तेही बैलाने ऐकलं नाही तर. मुळशीच्या धरणाच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या उतारावर त्याची भाताची खाचरं होती आणि आणखी वर नाचणीचा एक तुकडा. मूळचं गाव खाली पाण्यात गेलं तेव्हा तो आईच्या कडेवर होता. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाच्या गोष्टी गावात अजून तोंडातोंडी होत्या आणि त्या गोष्टींत कोंडाजीच्या बापाचं नाव निघायचं. निघायचं ते चांगलं नाही. कोंडाजी चारचौघांत बसायचा नाही त्याचं कारण हे.

बापाचं नाव गेणबा. धरण बांधणाऱ्या कंपनीला जमीन द्यायची नाही अशी साऱ्या गावाने भैरोबाची आण घेतली होती. ती मोडून कंपनीच्या कागदावर पहिला अंगठा गेणबाने दिला, असं गाव म्हणे. मागून एकेक करत सारेच आले, पण मागून येणाऱ्यांना कोण विचारतो? नाव पहिल्याचं होतं, चांगलं असो की वाईट.

चैत्रात भैरोबाची जत्रा भरे आणि दुसऱ्या दिवशी गावचीच मंडळी देवळापुढं धरणाचा वग करत. तो रचला होता हैबतरावांनी. ते सत्याग्रहात तुरुंग भोगून आलेले, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. गॅसबत्त्या भाड्याने आणायला नकोत म्हणून वग दिवस मावळायच्या आत उरकायचा. वगात सत्याग्रही असत, टोपीवाला साहेब असे, पण पोरंटोरं वाट बघत ती गेणबाची. कुशाबा नावाचा आडदांड गडी ते काम करी. पोटाला उशी बांधून यायचा, अंगठा उमटवायचा आणि मग खदाखदा हसायचा. त्या हसण्यावर पोरं शिट्ट्या फुंकत, बायका कडाकडा बोटं मोडत. खरा गेणबा त्या वेळी घरी दाव्याला पीळ घालत बसलेला असे आणि ते हसणं त्याला तिथवर ऐकू जाई. गावाने त्याला वाळीत टाकलं नव्हतं. लग्नाला बोलावत, मयताला बोलावत. वर्षातून एकदा हसून घेत, त्यात एवढं काय, असं गावाला वाटे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

कोंडाजी लहानपणी जत्रेतून रडत घरी आला की आई, रंभाबाई, त्याला पोटाशी धरून म्हणायची की तुझ्या बानं काय बी केलं न्हाई, कंपनीच्या माणसांनी भलत्याचाच अंगठा त्याच्या नावावर लावला. त्या बोलण्यावर तो वाढला. बापाला त्याने कधी विचारलं नाही. असलं बापाला विचारायची रीत नव्हती आणि खरं सांगायचं तर धाडसही नव्हतं. पण म्हातारा सत्तरीला टेकला तसा कोंडाजीच्या जिवाला घोर लागला. बापाच्या नावावरचा डाग त्याच्या डोळ्यांदेखत धुऊन निघाला पाहिजे. मेल्यावर धुतला तर तो कुणासाठी?

अठ्ठावन्न साली गावच्या शाळेवर आगटे गुरुजी आले. त्यांना नाटकाचा भारी नाद. दरसाल तोच वग काय करायचा म्हणून त्यांनी हैबतरावांना गळ घातली आणि जाडजूड पुस्तकं वाचून स्वतःच एक नाटक लिहिलं. रोम नावाच्या फार जुन्या, फार मोठ्या गावाचा राजा नीरो. डोळ्यांपुढं गाव जळतंय आणि हा गच्चीवर उभा राहून वाद्य वाजवत हसतोय. हैबतरावांना ते पसंत पडलं. वाद्य म्हणून भजनी मंडळाची वीणा ठरली, आगीसाठी पडद्यामागं ओला पेंढा धुमसवायचं ठरलं. पण नीरो व्हायला कुणी पुढं होईना. कुशाबासुद्धा म्हणाला, गेणबाचं काम केलं तर मला पोरं आखाडापतुर शिव्या घालत्यात, ह्यो तर राजा, मला गाव सोडावं लागंल.

तेव्हा देवळातल्या त्या बैठकीत मागं खांबाला टेकून एकटाच बसलेला कोंडाजी म्हणाला, मी करतो.

देवळात हशा पिकला. खाण तशी माती, असंही कुणी म्हणालं. कोंडाजीने ते गिळलं. आपण हे का म्हणालो ते त्याला धड सांगता आलं नसतं. दुसऱ्या कुणी काम केलं तर तो त्या राजाला हसायला लावणार, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

तालमी शाळेच्या पडवीत चालत. कोंडाजीने भाषणं पाठ केली, बैलांना ती त्याच्याआधी पाठ झाली असतील. वीणा धरायला शिकला. अडलं ते हसण्यापाशी. गुरुजींनी हसून दाखवलं, कुशाबाने पोट धरून हसून दाखवलं. कोंडाजी नुसता दात दाखवी. एक दिवस त्याने वीणा खाली ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, त्याला हसताना बघितला कुणी?"

गुरुजी भले गृहस्थ. दुसरा एखादा मास्तर त्याच्यावर डाफरला असता, हे विचारात पडले. मग त्यांनी खरं ते सांगितलं. राजाबद्दल लिहिणारे बरेच मागाहून झाले आणि त्यातल्या पुष्कळांचा त्याच्यावर राग होता. एकाने तर असं लिहिलंय की आग लागली तेव्हा राजा गावात नव्हताच, दूर समुद्राकाठी होता. परत आला आणि उघड्यावर पडलेल्या लोकांसाठी त्याने आपल्या बागा मोकळ्या केल्या. "पण म्हणून तो देवमाणूस नव्हे, कोंडाजी," गुरुजी म्हणाले. "सख्ख्या आईला मारवलंय त्यानं. आगीचा आळ भलत्यांवर घालून त्यांचे हाल हाल केलेत. नाटकाला एक दुष्ट माणूस लागतो, आणि हा तर पुरेसा दुष्ट होताच."

कोंडाजीने यातलं निम्मंच घरी नेलं. राजा गावात नव्हता. चुलीपुढं बसून त्याने आईला ते मोठ्या आनंदाने सांगितलं आणि वर म्हणाला, बघ आये, आबांवानीच झालं की त्याचं. तव्यावरची भाकरी रंभाबाईने उलटलीच नाही, ती करपली.

बापाला नाटकाला आणायचं अवघड होतं. देवळापुढच्या त्या जागेकडं म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाऊल टाकलं नव्हतं. कोंडाजी त्याच्या मागंच लागला. शेवटी म्हणाला, "आबा, त्यात तुमचं काम न्हाई. माझं हाय." म्हाताऱ्याने पागोटं झटकून बांधलं आणि काठी घेतली.

नाटक रंगात आलं. पडद्यामागून धूर निघाला, बायकापोरं खोकू लागली, जळणाऱ्या गावाचा आरडाओरडा झाला. जरीचा शेला पांघरून कोंडाजी बाकड्यावर चढला. हसण्याची जागा आली. गुरुजी आडून हातवारे करत होते. कोंडाजीने वीणा हळूच खाली ठेवली.

"मी हसत न्हाई," तो म्हणाला. "आग लागली तवा मी हितं न्हवतो. ज्यानं काय बी केलं न्हाई त्याला तुमी दरसाल हितं उभा करताय आन त्याच्या तोंडी हसू घालताय."

दरसाल म्हटल्यावर गाव समजायचं ते समजलं. माना मागं वळल्या. मागं देवळाच्या पायरीशी गेणबा बसला होता. पुढच्या रांगेतून हैबतराव उठले. त्यांचा आवाज चढला नाही.

"कोंडाजी, राजाचं ऱ्हाऊ दे. मी तुरुंगातनं सुटून आलो तवा माझ्या खाचरात गळ्याइतकं पाणी व्हतं. ते कुणापायी, तेवढं सांग."

कोंडाजीने सांगायला तोंड उघडलं होतं. कंपनीची माणसं, भलत्याचा अंगठा, सारं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून म्हाताऱ्याची काठी वाजली.

"हैबती, खाली बस," गेणबा म्हणाला. एका वयाचे दोघं, एकत्र गुरं वळलेले. "अंगठा माझाच. पोराला ठाव न्हाई. त्याच्या आयनं त्याला येगळं सांगितलं आन म्या सांगू दिलं. का दिला ते इचारू नगा. सांगून पाणी मागं जायचं न्हाई. शिव्या घालताय त्या घाला, त्या माझ्याच हायेत." तो थांबला. त्याला धाप लागली होती. "पर मी हसलो न्हवतो."

एवढं बोलून तो माणसांतून वाट काढत निघून गेला. लोकांनी पाय आखडून घेतले. कोंडाजी शेला पांघरून बाकड्यावर तसाच उभा. ज्या एका गोष्टीवर तो मान ताठ ठेवून जगला होता ती त्याच्या बापाने साऱ्या गावादेखत काढून घेतली होती. त्याला बापाचा राग आला, आईचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटली. गुरुजींनी पडदा ओढून घेतला.

पुढं भाताची लावणी झाली, कापणी झाली, झोडणी झाली. बापलेक एका खाचरात वाकून काम करत आणि एक अक्षर बोलत नसत. रंभाबाई दोघांना वाढी आणि कुणाच्याच तोंडाकडं बघत नसे.

दुसऱ्या चैत्रात नव्या नाटकाचं नाव कुणी काढलं नाही. पुन्हा धरणाचाच वग ठरला. तेव्हा कुशाबाने हात टेकले. त्याच्याने हसवेना. तालमीत त्या जागेला आला की त्याच्या कानात म्हाताऱ्याचं बोलणं वाजे. हैबतराव म्हणाले, मग गेणबाचं कामच गाळून टाकू. कोंडाजी तिथं होता. गाळू नका, तो म्हणाला, घडलं ते घडलं, मी करतो. हैबतरावांनी त्याच्याकडं कितीतरी वेळ बघितलं आणि मान डोलावली.

वगाच्या आदल्या दिवशी म्हातारा अंगणात ऊन खात बसला होता. कोंडाजी त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने विचारलं.

"आबा, अंगठा दिल्यावर तुमी काय केलंत?"

म्हातारा आपल्या डाव्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "धोतराला पुसला. शाई जाईना. नदीवर जाऊन वाळूनं घासला, तरी जाईना. घरी आलो तर तुझ्या आयनं ताट वाढल्यालं. डावा हात मांडीखाली धरला आन जेवलो. तिनं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी कोंडाजी पोटाला उशी न बांधता देवळापुढं उभा राहिला. साहेबाने पुढं केलेल्या कागदावर त्याने अंगठा उमटवला. तो धोतराला पुसला. खाली बसून मातीने घासला, पुन्हा बघितला, पुन्हा घासला. मग मांडी घालून बसला, डावा हात मांडीखाली घेतला आणि समोर ताट असल्यासारखा खाली मान घालून जेवत राहिला.

जमलेल्या माणसांत गेणबा होता. या खेपेला पुढं बसला होता, हैबतरावांपासून दोन हात सोडून. शिव्या घालणाऱ्यांनी सवयीप्रमाणे शिव्या घातल्या आणि बापलेकांनी त्या ऐकून घेतल्या. हसलं मात्र कुणी नाही.