पगारपुस्तकातला अंगठा

मंडळी, आज सकाळी आमच्या टॉवेल कारखान्याची जुनी हजेरी-पगाराची पुस्तकं रद्दीत निघाली होती. सूनबाई म्हणाली, "मामा, कायद्यानं ठेवायची मुदत कवाच संपली. कपाट रिकामं करू की!" तिचं चुकीचं नव्हतं.

तेवढ्यात नरसम्माअक्का आल्या. त्यांचे यजमान आमच्याकडं मागावर विणायला होते, गेल्या वर्षी वारले. "अण्णा, पेन्शनच्या हापिसात म्हणतेत, सुरवातीच्या वर्षांचा पुरावा आणा. मी कुटनं आणू?"

आम्ही पुस्तकं डागी टॉवेलात बांधतो, आत कडुलिंबाचा पाला घालून. सूनबाईनं एकेक गठ्ठा सोडला. तिसऱ्यात सापडलं. यजमानांचं नाव आणि पुढं निळा अंगठा.

अक्कांनी त्यावर आपला अंगठा अलगद टेकवला. "मधी रेघ हाय बघा. मागात कापलं हुतं. हळद मीच लावली हुती," म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या.

सूनबाईनं पानांच्या प्रती काढून शिक्का मारून दिल्या. मग स्वतःच अंगणातला ताजा पाला तोडून आणला आणि सगळे गठ्ठे पुन्हा बांधले.

रद्दीवाला आला तसा गेला. तुमच्या कपाटात कुणाचा अंगठा आहे, बघितलंय का कधी?