आधी खडू, मग कात्री

एंटर दाबायच्या आधी सर खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढायचे आणि कीबोर्डच्या पुढ्यात टेबलावर एक रेघ ओढायचे. "आधी खडू, मग कात्री," म्हणायचे आणि मला रेघेच्या अलीकडे हात ठेवून बसायला लावायचे. टेबल पुसणाऱ्या मावशी त्यांच्यावर कायम वैतागलेल्या असत.

कर्वेनगरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचा संगणक विभाग सर सांभाळायचे. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या आणि एक पंखा, ज्याचं तोंड कायम सर्व्हरकडे. "त्याला उकडतं. आपल्याला सवय आहे," सर म्हणायचे. मी यवतमाळहून आलेली, कॉमर्स शिकलेली, तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. जमलं तर नोकरी, नाहीतर परतीची गाडी. घरी मी नोकरी लागली एवढंच सांगितलं होतं, तीन महिन्यांचं बोलले नव्हते. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून "काय यवतमाळ?" अशीच हाक मारली. अहोजाहो मात्र कधी सोडलं नाही.

सरांच्या अब्बांचं शनिवार पेठेत टेलरिंगचं दुकान होतं. लहानपणी सरांनी तिथे एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडाला खुणा न करताच कात्री लावली होती. अब्बा ओरडले नाहीत. "आता जोड," एवढंच म्हणाले. तेव्हापासून हा नियम. काहीही खोडायचं असेल तर आधी नुसती दाखवणारी कमांड द्यायची. काय काय जाणार ते पडद्यावर बघायचं, नावं असली तर मोठ्यानं वाचायची, आणि मगच खोडणारी कमांड चालवायची.

माझी पहिली स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीनं द्यायच्या कमांड, अगदी साधी होती. तपासणीची आठवण करून देणारे मेसेज रुग्णांना जातात, त्या यादीतून वारलेल्यांची नावं काढायची.

"वाचायची कशाला सर? मशीनला समजते न."

"मशीनला नाव समजतं, माणूस गेलाय हे नाही समजत. नवऱ्याचं वर्षश्राद्ध करून बसलेल्या बाईला 'डोळे तपासायला या' असा मेसेज गेला तर? किंवा जिवंत माणसाचं नाव उडालं आणि तो बिचारा मेसेजची वाट बघत बसला तर? वाचा. आणि नावाआधी श्री, श्रीमती लावा. फुकट आहे."

तिसऱ्या महिन्यात मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला खेड्यांतून म्हातारी माणसं स्वारगेटला उतरायची होती. तिथून त्यांना आणायला आमची गाडी जाणार होती. त्यांची नावं आणि फोन नंबर कागदी फॉर्मांवरून सकाळीच टाइप झाले होते, त्यामुळे फाइलची दुसरी प्रत कुठेच नव्हती. काही नावं दोनदा आली होती, ती मला काढायची होती. शुक्रवार होता, सर नमाजाला गेले होते. मी नियमाप्रमाणे अख्खी यादी पडद्यावर काढली, वाचली आणि कमांड दिली. फक्त जी फाइल वाचायची, तिच्याच नावानं निकाल लिहायला सांगितला. अशा वेळी मशीन आधी फाइल रिकामी करतं आणि मग वाचायला जातं. ज्या पातेल्यातून दूध ओतायचं, तेच पातेलं आधी घासायला टाकण्यासारखं. नवशिकी माणसं हा प्रताप एकदा तरी करतातच, पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

सर दारात आले तेव्हा माझे डोळे भरले होते आणि ज्या खिडकीत हे सगळं घडलं ती बंद करायला मी माऊस सरकवत होते.

"हात वर!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

"सर, सगळी गेली जी."

"फाइल गेली. खडू आहे ना अजून."

त्यांनी त्या खिडकीतला मजकूर मागे सरकवला. मी काढलेली, वाचलेली यादी तिथे तशीच होती. ती आम्ही उचलून नव्या फाइलमध्ये ठेवली. खिडकी ठरावीक ओळीच जपून ठेवते, त्यामुळे वरची दहा-बारा नावं मात्र गेली होती. ती कागदी फॉर्मांवरून लिहिली, एकेकाला फोन करून खात्री केली. संध्याकाळपर्यंत सगळे सापडले.

व्यवस्थापकांच्या कानावर ते गेलंच.

"आमच्याकडून चूक झाली," सर म्हणाले.

"आमच्याकडून म्हणजे नक्की कोणाकडून?"

"खोलीत दोन खुर्च्या आहेत. आपल्याला कोणती उचलायची आहे?"

व्यवस्थापकांनी एकही उचलली नाही. महिनाअखेरीस माझ्या कागदावर सरांनी एक ओळ लिहिली, 'यांच्या हाती कात्री द्यायला हरकत नाही.' मी कायम झाले. आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार नकोत, बॅकअप घेत जा." तुम्हालाही असा कुणीतरी भेटला असेल, ज्याच्या जिवावर आपण आज निवांत जेवतो. मला सर भेटले.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं निरोपाचं भाषण दोन वाक्यांचं होतं. "खडू ड्रॉवरमध्ये आहे. मावशींना सांगू नका." पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. आणि या उन्हाळ्यात ते गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, म्हणाल्या, "त्यांचा फोन मी चालूच ठेवलाय. रोज चार्ज करते."

वारलेल्यांची नवी यादी मागच्या आठवड्यात आली. मी ती पडद्यावर काढली आणि वाचायला लागले. सातवं नाव सरांचं होतं. इतकी वर्षं मी ही नावं वाचते आहे, पण हे कधीतरी येईल असा विचारच केला नव्हता. थांबले. मग नावाआधी श्री लावून, अब्बांच्या नावासकट, पूर्ण वाचलं. ड्रॉवरमधून खडू काढून टेबलावर रेघ ओढली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मग एंटर दाबलं.

शनिवारी सकाळी तपासणीचे मेसेज गेले. भाभींनी चार्ज करून ठेवलेला फोन वाजला नाही.