तीन बनियनं

काल फतेगंजच्या घरी पाहुणे आले होते. एवढ्या उकाड्यातही माझा सोळा वर्षांचा मुलगा जाड जॅकेट घालून बसला होता. मी हसत म्हणालो, "काढ की रे ते! आत नुसत्या बरगड्याच तर आहेत." सगळे हसले. तो उठून आत गेला. जाताना त्याच्या घामाचा वास आला आणि मला एक नवरात्र आठवलं.

तेव्हा मीही सोळाचा होतो, असाच काडीसारखा. वर्गातल्या मुली गरब्याला येणार म्हणून अंग जरा भरलेलं दिसावं, यासाठी गरब्याच्या घेरदार अंगरख्याच्या, केडियुच्या आत मी तीन बनियनं चढवली होती. चौथ्या फेरीत अंधारी आली आणि मी मैदानातच कोसळलो. गर्दी जमली. बाबा धावत आले, त्यांनी केडियुच्या नाड्या सोडल्या आणि एकाखाली एक बनियनं त्यांच्या हाताला लागली.

"शुं थयुं, काका?" कोणीतरी विचारलं.

बाबांनी नाड्या होत्या तशा बांधल्या. "कंई नथी. उपवास छे एने."

उपास कसला! संध्याकाळी मी भरपेट जेवून निघालो होतो. पण बाबांनी घरी आईपाशीसुद्धा कधी अवाक्षर काढलं नाही.

इतकी वर्षं मला त्या पडण्याचीच लाज वाटायची.

रात्री पाहुणे गेल्यावर मुलाच्या दारापाशी दोनदा जाऊन आलो. आतून कडी होती. एरवी तीनवर असणारा पंखा आत पाचावर घरघरत होता, म्हणजे जॅकेट अजून अंगातच होतं.