मूळ कागदपत्रं कपाटात

गोंदियातल्या त्या दवाखान्यात मुलाखतीला आम्ही चौघी होतो. चौघीही नुकत्याच नर्सिंग पास झालेल्या, चौघींच्या मांडीवर प्लास्टिकच्या फायली. माझ्या आधी आत गेलेली मुलगी दोन मिनिटांत बाहेर आली. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे आतलं शेवटचं वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"बच्चेवाली नहीं चलेगी बेटा. आज बुखार, कल टीका, मेरा वॉर्ड कौन देखेगा?"

मग माझा नंबर आला. आत मॅडम बसल्या होत्या, म्हणजे डॉक्टरांची बायको. पेशंट सर तपासायचे, बाकी सगळं मॅडम बघायच्या. त्यांनी माझी फाईल चाळली, दोन-चार प्रश्न इंग्रजीत विचारले आणि माझी उत्तरं ऐकून त्या खूश झाल्या.

"शादी हो गई?"

"जी."

"बच्चा?"

माझी मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. मी "नहीं" म्हणाले. नंतर फॉर्मवरही त्या रकान्यात तेच लिहिलं, शाळेत गिरवून घेतलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरात. मी कमी बोलणारी आहे. खोटं बोलणं आपल्याला जमणार नाही असं मला वाटायचं. ते जमलं, कारण एकच शब्द बोलायचा होता.

"ओरिजिनल जमा कर देना," मॅडम म्हणाल्या. दहावी-बारावीच्या मार्कशीट, नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळ्याच्या मूळ प्रती. मुली सहा महिने काम शिकतात आणि एका सकाळी न सांगता नागपूरला निघून जातात, म्हणून ही पद्धत. माझ्या बॅचमधल्या इतर मुलींकडूनही मी हेच ऐकलं होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मॅडमनी कागद खाकी पाकिटात घातले, वर माझं नाव लिहिलं आणि खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. मी पावती मागितली नाही. मागायचं सुचलं होतं, तोंडातून निघालं नाही.

मुलीला मी सासूकडे ठेवलं, सडक अर्जुनीला. सासूबाईंचं घराच्या ओट्यावर छोटं किराणा दुकान आहे, मागे ठेक्यानं केलेली धानाची शेती. नवरा रायपूरकडे लोखंडाच्या कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. माझं माहेर गोंदियालाच, फुलचूरला, पण तिथे आई अंथरुणाला खिळलेली आणि वहिनीला स्वतःची दोन लहान मुलं. मी तिथे राहून ड्यूटी करू शकत होते. माझं लेकरूही सांभाळ, असं वहिनीला म्हणायची माझी हिंमत नव्हती.

पहिले दहा दिवस सर्वांत वाईट गेले. मुलगी अंगावर पीत होती. ती दूर राहिली, पण दूध काही लगेच आटलं नाही. मी आत गॉजच्या घड्या ठेवायचे, वरून ओढणी घट्ट बांधायचे, आणि दर दोन तासांनी बाथरूममध्ये जाऊन त्या बदलायचे. एखाद्या पेशंटचं तान्हं मूल रडलं की छाती भरून यायची, आणि मी ट्रे घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. ताप आला. मी तो मलेरियाचा असेल असं सांगितलं.

वॉर्डात एक मावशी होत्या. गेली कित्येक वर्षं त्या तिथे होत्या. शिक्षण चौथी, पण शीर त्यांना डोळे मिटून सापडायची. त्यांनी तिसऱ्याच दिवशी मला लिननच्या खोलीत गाठलं.

"केवढं आहे लेकरू?"

"कोणाचं?"

"माह्यं," त्या म्हणाल्या. "तुह्यं नाई तं कोणाचं वो? एवढे गॉज कुठं जाऊन राहिले म्हून मी तीन दिवसांपासून पाहून राहिली. तिकडं सरले म्हून मॅडम माह्यावर बोंबलून राहिल्या."

त्यांनी कपाटातून जुन्या चादरीच्या स्वच्छ फडक्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "हे घे. अन् कोबीची पानं ठेव आतून, ठसठस कमी होते. तोंड उघडत जा जरा. इंग्रजीतच कायले कुढून राहिली? आमाले समजत नाई ना ते."

माझ्या इंग्रजीचा दवाखान्याला वेगळाच उपयोग झाला. महिन्याभरात मॅडमनी मला वॉर्डातून काढून खाली टेबलावर बसवलं. डिस्चार्जचे कागद, विम्याचे फॉर्म, नागपूरला पाठवायच्या पेशंटची पत्रं. माझ्या बरोबरीच्या मुली सलाईन लावायला शिकत होत्या आणि मी लिहीत होते. लोक मला सिस्टर म्हणायचे. माझ्या हाताला मात्र दिवसभर शाई लागलेली असायची.

आठवड्याच्या सुट्टीला मी सकाळच्या एसटीनं सडक अर्जुनीला जायचे. सुरुवातीला मुलगी मला पाहून रडत धावत यायची. दोन महिन्यांनी ती रडेनाशी झाली. मग धावेनाशी झाली. सासूबाईंच्या लुगड्यामागे उभी राहून ती माझ्याकडे बघायची, गिऱ्हाइकांकडे बघते तशीच. मी आणलेलं बिस्कीट घ्यायची आणि परत मागे जायची. एकदा मी तिला बळेच उचललं तर ती ताठ झाली, अंग मागे टाकलं आणि "आई, आई" करून ओरडली. तिचे हात सासूबाईंच्या दिशेनं होते.

"राहू दे वो," सासूबाई म्हणाल्या. "कायले रडवून राहिली तिले? येईल सवयीनं." त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि एका हातानं गिऱ्हाइकाला साखर मोजली. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

चार महिने झाले तेव्हा बॅचच्या ग्रुपवर जिल्ह्याच्या कंत्राटी भरतीची जाहिरात आली. त्यात एक जागा सडक अर्जुनीजवळच्या आरोग्य केंद्राची होती. घरापासून सायकलनं जाता येईल अशी. मी अर्ज भरला, अनुभवाच्या रकान्यात दवाखान्याचे महिने लिहिले, आणि यादी लागली तेव्हा माझं नाव निवड होणाऱ्यांत शेवटून दुसरं होतं. कागद तपासणीला आठ दिवस होते. खाली ठळक अक्षरात सूचना होती. मूळ कागदपत्रं नसतील तर उमेदवारी रद्द.

मी वाक्य तयार केलं. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. रोज मॅडमच्या केबिनच्या दाराशी जायचे, आत कोणीतरी असायचं आणि मी परत यायचे. कोणी नसलं तरी परत यायचे. पाचव्या दिवशी एकदाचं बोलले, पण खरं नाही.

"मॅडम, बँक में काम है. ओरिजिनल चाहिए थे."

"झेरॉक्स ले जाओ," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "बँकवाले झेरॉक्स पे मान जाते हैं."

ते खरंच होतं. मी "जी" म्हणाले आणि झेरॉक्स घेऊन आले.

तपासणीच्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली आणि त्या झेरॉक्स घेऊनच गोंदियातल्या जिल्हा कार्यालयात रांगेत उभी राहिले. आज आठवलं की स्वतःचा राग येतो. सूचना मी दहा वेळा वाचली होती. तरी मनात कुठेतरी होतं की समोरचा माणूस माझ्याकडे बघेल आणि समजून घेईल. टेबलावरच्या बाबूंनी फाईल उघडली, बोटानं कागद चोळून पाहिला आणि फाईल परत सरकवली.

"ओरिजिनल?"

"दवाखान्यात जमा आहेत."

"सगळ्यायचे तिथंच जमा राहतात. तुम्ही पोरी देता कायले?" ते वैतागले होते, पण माझ्यावर नाही. "पाच वाजेपर्यंत आहो आम्ही. जा, घेऊन या."

दवाखान्यात पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. मावशी जिन्यात पोछा मारत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मी दोन वाक्यांत सांगितलं.

"मंग सांगून टाक ना खरं," त्या म्हणाल्या. "मारून टाकतीन का तुले? लेकरू आहे, चोरी नाई होय."

मॅडम डबा खात होत्या. मी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, मुझे एक बेटी है."

त्यांचा घास हातातच राहिला. "कितने की?"

"उन्नीस महीने की. गाँव में है, सास के पास. उधर सरकारी जगह निकली है. आज वेरिफिकेशन है, पाँच बजे तक."

त्यांनी मनातल्या मनात महिने मागे मोजले, ते मला दिसलं. मग डबा बंद केला, रुमालानं बोटं पुसली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मेरे भी दो हैं," त्या म्हणाल्या. "आया के भरोसे बड़े हुए. मुझे किसी ने नहीं पूछा था." नंतर आवाज बदलला. "लेकिन तुमने झूठ बोला. इसी टेबल पे."

"जी."

"बैठो. लिखो. अपनी मर्जी से छोड़ रही हूँ, आज से. अच्छी इंग्लिश में लिखना, तुम्हें आती है."

मी लिहिलं. पाच महिन्यांत मी तिथे शेकडो पत्रं लिहिली होती, त्यातलं हे शेवटचं. खाली सही केली. त्यांनी कपाट उघडलं, पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मी उठताना धीर करून विचारलं, अनुभवाचा दाखला मिळेल का?

"झूठी औरत का मैं क्या लिखूँ?" त्या म्हणाल्या आणि डबा पुन्हा उघडला.

साडेतीनला मी परत टेबलापाशी होते. बाबूंनी एकेक मूळ कागद पाहून खूण केली. अनुभवाच्या रकान्याशी ते थांबले. दाखला नाही म्हटल्यावर त्यांनी लाल पेनानं त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. "एवढे गुण कमी होतात," ते म्हणाले. "माझ्या हातात नाई हे." आठ दिवसांनी अंतिम यादी लागली. मी प्रतीक्षा यादीत गेले होते. सडक अर्जुनीजवळची जागा तिरोड्याकडच्या एका मुलीला मिळाली.

मी सामान घेऊन सासरी आले. आता मी रोज घरी होते आणि तरी मुलगी सासूबाईंजवळच झोपायची. तिला भरवायला गेले की ती मान फिरवायची. नवरा फोनवर म्हणायचा, होईल हळूहळू. हायवेवरच्या दोन लहान दवाखान्यांत विचारून आले. दोघांनीही आधी तेच विचारलं, ओरिजिनल जमा कराल का? मी नाही म्हणाले आणि दोन्हीकडून परत आले.

महिन्याभरानं दुपारी दुकानात एक मुलगी आली. पांढऱ्या कोटावर ओढणी, कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ. आमच्याच गल्लीत खोली घेतली होती. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, आरोग्य केंद्रात नवीन लागले.

"आमची सून बी नर्स आहे," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

"हो का? कुठं असता ताई ड्यूटीला?"

"सध्या घरीच," मी म्हणाले. तिची जागा माझ्या हातून गेलेली, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तिनं तेल घेतलं, पिशवी उचलली, तरी ती गेली नाही. मग खाली बघत म्हणाली, "इथं बाळाला दिवसा ठेवून घेईल असं कोणी आहे का हो? घरून कोणीच येऊ शकत नाही. कालपासून मी ह्याला घेऊनच ड्यूटीला जातेय. डॉक्टर साहेब काही बोलले नाहीत, पण बघून राहिले होते."

"इथंच ठेव ना," सासूबाई बोलून गेल्या. "ही घरीच राहते दिवसभर. तिले समजते सारं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं. नाही म्हणायला मला पुरेसा वेळ होता. पण त्या मुलीच्या कोटाचा डावा भाग गडद ओला झाला होता आणि तिनं तिथे पर्स दाबून धरली होती. मी हात पुढे केले. बाळ जड होतं, अंगाला आंबट दुधाचा वास. ती मागे वळून न बघता भरभर ड्यूटीवर परत गेली. वळून पाहिलं असतं तर तिला जाता आलं नसतं.

बाळानं रडायला सुरुवात केली. मी त्याला खांद्यावर घेऊन थोपटू लागले. तेवढ्यात लुगड्यामागून माझी मुलगी बाहेर आली. ती काही वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं माझ्या साडीचा काठ दोन्ही मुठींत धरला आणि ओढू लागली. "खाली ठेव," ती रागानं म्हणाली. "त्याले खाली ठेव."

ओढता ओढता तिनं बाळाच्या पायावर एक चापट मारली. बाळ अजूनच ओरडलं. "मले घे," ती म्हणाली, आणि मी एका हातानं तिला उचललं.